काटकोनाचे सहा गुण

आमच्या शाळेतलं एकही टेबल त्यांच्या परीक्षेत पास झालेलं नव्हतं.

मी रुजू झाले त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर वर काळी शेरवानी आणि खाली पांढरं धोतर अशा वेषातले एक गृहस्थ माझ्याच टेबलावर ओणवे होऊन दोरी ताणत होते. पन्नाशीच्या आसपासचे, उंच, किडकिडीत, मिशा पांढऱ्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, “बाई, जरा हे टोक धरा.”

मी टोक धरलं. दोरीला सारख्या अंतरावर गाठी होत्या. तीन भाग त्यांनी टेबलाच्या एका कडेला लावले, चार दुसऱ्या कडेला, आणि उरलेले पाच तिरके ओढले.

“पाहिलंत? तिरकी बाजू सैल पडली. म्हणजे कोपरा आत दबलाय. यावर वह्या तपासू नका बाई, गुण वाकडे पडतील.” मग दोरी गुंडाळून शेरवानीच्या खिशात घालत ते म्हणाले, “मी गणित शिकवतो.”

ते सांगायची खरं तर गरज नव्हती.

शाळा मुरुमपासून दोन कोसांवरच्या एका गावात होती. मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दुसरं वर्ष चालू होतं. मी सोलापूरची, बावीस वर्षांची, मराठी शिकवायला आलेली. शाळेत मुली यायच्या तर एक तरी बाई पाहिजे, म्हणून माझी नेमणूक. राहायला जागा मिळेना, तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या घराची बाहेरची खोली मला दिली. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं, मग मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या मंडळी फार समजूतदार. दिवाळीत शंकरपाळे कातायला बसण्याआधी त्या मास्तरांना काहीतरी काम काढून बाहेर पिटाळायच्या. “घरात असले तर एकेक शंकरपाळा मोजतेत,” त्या मला म्हणाल्या, “दुपारचं तेल संध्याकाळपर्यंत तापत ऱ्हातंय.”

मास्तरांचं स्वतःचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाच्या राजवटीत दुसरा मार्गच नव्हता. घरी मराठी, गल्लीत थोडी कानडी, आणि गणित मात्र उर्दू. त्रिकोण म्हणजे मुसल्लस, कर्ण म्हणजे वतर. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर शाळा मराठीत आली आणि चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला आपलाच विषय आपल्याच भाषेत नव्यानं शिकावा लागला. त्यांनी त्यासाठी एक वही केली होती. डावीकडे उर्दू शब्द, उजवीकडे मराठी. पण वर्गात रंगात आले की वही विसरायचे. पायथागोरसला उर्दूत फीसागोरस म्हणतात. ते एका वाक्यात पायथागोरस म्हणायचे, दुसऱ्यात फीसागोरस. एका मुलानं सहामाहीच्या पेपरात लिहिलं की हा सिद्धांत दोघा भावांनी मिळून शोधला. मास्तरांनी त्याला अर्धा गुण दिला आणि शेरा मारला, ‘चूक माझी आहे, म्हणून अर्धा.’

त्यांची दुसरी सवय म्हणजे “याचं उलट?” असं विचारणं. कुणीही काहीही ठामपणे बोललं की मास्तर हळूच विचारायचे, “याचं उलट?” वर्गात ते असं शिकवायचे: “गाय असेल तर पाय चार. खरं का?”

“खरंय!” सगळा वर्ग.

“याचं उलट? पाय चार असतील तर गाय?”

“म्हैस!” “शेळी!” मागून एक बारीक आवाज, “टेबल!”

“टेबल बरोबर. पण आपल्या शाळेतलं नको, त्याचे चारही पाय जमिनीला लागत नाहीत. आता ऐका. काटकोन असेल तर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी. हे झालं प्रमेय. याचं उलट? बेरीज जुळली तर काटकोन असतोच का? गाईचं उलट गलत निघालं, तसं हेही गलत निघू शकतं. म्हणून ते वेगळं सिद्ध करायचं. फुकट मिळत नाही.”

वर्गात हे ठीक. पण पंचायतीच्या सभेत सरपंच म्हणाले, “जिथं शाळा आहे तिथं प्रगती आहे,” आणि व्यासपीठावर बसलेल्या मास्तरांनी तिथंही विचारलं, “याचं उलट?” सरपंच बिचारे पुढचं भाषण विसरले. आमचे हेडमास्तर तपकीर ओढणारे, भित्रे, सज्जन गृहस्थ. त्यांनी त्यानंतर मास्तरांना व्यासपीठावर बसवणं बंद केलं.

पंचायतीचा रेडिओ आला तेव्हाची गोष्ट तर गावात वर्षभर पुरली. एरियलसाठी चोवीस फुटांचा वासा उभा करायचा होता आणि त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यायचे होते. खुंट्या बुडापासून दहा फुटांवर. तार किती आणायची यावर चर्चा चालली. एक पंच म्हणाले, “चोवीस आन् दहा, चौतीस. तीन ताणाला तीन चौतीस.” मास्तर हसले. “सव्वीस फूट. एक इंच जास्त नको.” आणि दुकानदाराकडून त्यांनी सव्वीस-सव्वीस फुटांचे तीन तुकडे मोजून कापून आणले.

वासा उभा राहिला. वर तारेचे वेढे घातले. खाली तार खुंटीपर्यंत पोचलीच नाही. हातभर कमी. तिन्ही बाजूंना तीन माणसं तार धरून लोंबकळत होती, वर वासा डुलत होता आणि अर्धं गाव हसत होतं. मास्तर पुढं झाले, सगळ्यांकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “हिसाब बरोबर आहे, मास्तर गलत आहे. पुस्तकातल्या कर्णाला गाठ मारावी लागत नाही, तारेला लागते. हे मी विसरलो.” आणि ते त्याच पावली पायी मुरुमला गेले, नवी तार घेऊन आले. तोवर ती तीन माणसं पाळीपाळीनं वासा धरून होती.

चूक झाली की ती भर चौकात कबूल करायची, हा त्यांचा स्वभाव. पण एक चूक अशी होती की जी त्यांना चार वर्षं ठाऊकच नव्हती. ती त्यांना भज्यांच्या पुड्यात सापडली.

मुरुमच्या बाजाराला आम्ही दोघी, म्हणजे मी आणि त्यांच्या मंडळी, मास्तरांबरोबर गेलो होतो. बाजार झाल्यावर मास्तरांनी कांदाभजी घेतली. आम्ही दोघींनी खायला सुरुवात केली. मास्तरांनी एक भजं उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. पुड्याच्या कागदावर लाल शाईची मोठी फुली दिसत होती. अक्षर त्यांचं होतं.

“आपली रद्दी,” ते म्हणाले. “उत्तरपत्रिका आहे.” त्यांनी भजी माझ्या पदरात ओतली आणि कागद उलगडून उन्हात धरला. तेलानं तो आरपार दिसत होता. ते वाचू लागले. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मंडळी म्हणाल्या, “अवो, निवली की भजी.” ते ऐकत नव्हते. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“बाई, ही मुलगी बरोबर आहे.”

प्रश्न व्यत्यासाचाच होता, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘उलट’. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाइतकी असेल तर समोरचा कोन काटकोन असतो, हे सिद्ध करा. आठ गुण. पुस्तकातली पद्धत अशी, की शेजारी दुसरा एक काटकोन त्रिकोण काढायचा आणि दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत हे दाखवायचं. या मुलीनं दुसरा त्रिकोण काढलाच नव्हता. तिनं पहिलीच ओळ लिहिली होती, ‘समजा, हा कोन काटकोन नाही.’ आणि मास्तरांनी तिथंच फुली मारून लिहिलं होतं, ‘जे सिद्ध करायचं त्याच्याच विरुद्ध!’ खाली भलंमोठं शून्य.

“पुढं वाचलंच नाही मी,” ते म्हणाले. “तेव्हा मला मराठी अक्षर वाचायला उर्दूच्या दुप्पट वेळ लागायचा. शंभर पेपर होते. पहिली ओळ वाचायची आणि बाकीचं ताडायचं, असं चाललं होतं माझं. आणि हिनं बघा काय केलंय. म्हणते, काटकोन नाही असं धरू. कोन लहान असेल तर लंब टाकू. मग तिसरी बाजू आखूड पडते. पण ती आखूड नाही असं तुम्हीच सांगितलंय. म्हणजे आपलं धरलेलं गलत. बाई, हे पुस्तकात नाही. हे हिनं स्वतःच्या डोक्यातून काढलंय. नववीत!”

प्रत्येक पानावर हजेरीचा नंबर लिहायचा, अशी त्यांचीच शिस्त. त्यामुळं दुसऱ्या दिवशी जुन्या रजिस्टरात नाव लगेच सापडलं. महानंदा. गणितात एकोणतीस, पासाला पस्तीस. नापास. त्यानंतर तिच्या नावापुढं काहीच नव्हतं. शिपायाला सगळं माहीत होतं. वडील म्हणाले, नापास झाली, आता पुरे. त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. दिलंय तिकडं कानडी सरहद्दीच्या गावी, चांगलं शेतकरी घर आहे.

मास्तर रजिस्टर घेऊन हेडमास्तरांकडे गेले. मीही मागं होते.

“चार वर्षं झाली हो,” हेडमास्तर म्हणाले. “रजिस्टर बंद झालंय. वरच्या सह्या झाल्यात.”

“चार वर्षांनी काटकोन बदलतो का?”

“काटकोन नाही बदलत, पण कलम बदलतं. मला दोन वर्षं राहिलीत. शांतपणे जाऊ द्या ना मला.” आणि त्यांनी तपकिरीची डबी काढली.

 मास्तर घरी येऊन म्हणाले, “बाई, रविवारी चला माझ्याबरोबर. परक्या माणसानं एकदम जाऊन सुनेला भेटायचं म्हणलं तर बरं दिसत नाही. तुम्ही असलात तर बरं.”

त्या कागदावर चुन्याची भुकटी टाकून, तो दोन पाट्यांमध्ये दाबून त्यांनी तेल काढलं होतं आणि पाट्यांसकटच तो बरोबर घेतला होता. तरी भज्यांचा वास होताच. फाट्यापर्यंत मोटारीनं आणि पुढं एका बैलगाडीतून आम्ही निघालो. सबंध वाटेत मास्तर एकदाच बोलले. “आठ गुण दिले की सदतीस होतात. पास होती ती.”

महानंदाच्या सासरी पोचलो तर घराशेजारी नव्या बांधकामाचा पाया खणलेला होता. गवंडी दगड लावत होता. दारात कुणाला हाक मारायची सोडून मास्तर थेट त्या पायाकडे गेले. मी म्हटलं, “मास्तर, आधी घरात तरी...” पण ते खाली उतरलेसुद्धा. शेरवानीच्या खिशातली दोरी कोपऱ्याला लावली. मग गवंड्याची मोठी फीत मागून घेतली. एका बाजूला तीस फूट, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि तिरकं मोजलं. अंगणात जमलेली माणसं बघत राहिली. मास्तर फितीवर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“पन्नास,” ते म्हणाले. “पुरे पन्नास. मिस्त्री, हा कोपरा कुणी काढला?”

गवंडी जरा ओशाळला. “माझा कोपरा धरायचा गुण्या दोन हाताचा, गुरुजी. लहान कोपऱ्याला चालतंय, लांब गेलं की वळतंय. मग सुनबाईनी दोरी धरून काढून दिला. तीस, चाळीस, पन्नास म्हनल्या. मला काय ते कळलं न्हाय, पर भिंत सरळ यायलीय.”

मास्तर खाली मातीतच बसले.

एवढ्यात घरातून एक ठेंगणी, भरदार बाई बाहेर आली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची पेटी, आवाज खणखणीत. ही महानंदाची सासू. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वाचा नवरा मागंच वारलेला, मुलगा शेतात राबणारा, पण घर आणि शेत तिच्याच हातात.

“कोन पायजे तुमाला? आन् त्या खड्ड्यात कोन बसलंय?”

मी पुढं होऊन सांगितलं, आम्ही महानंदाच्या शाळेतले शिक्षक. अव्वाच्या कपाळाला आठी पडली. “शाळा? ती तर नापास झालीया की. चार वर्सं झाली.”

मास्तर खड्ड्यातून वर आले. अंगावर माती, हातात पाट्या. ते अव्वापुढं उभे राहिले आणि वर्गात उभ्या राहिलेल्या मुलासारखं एका दमात बोलून टाकलं. “अव्वा, ती नापास नव्हती. तिचं बरोबर होतं. मी न वाचता शून्य दिलं. ते सांगायला आलोय.”

दारात महानंदा उभी होती. वीस वर्षांची, कडेवर पोर. तिनं मास्तरांना ओळखलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

अव्वानं सावकाश विचारलं, “म्हंजी आमची सून नापास न्हवती?”

“नव्हती.”

“यव्वा!” अव्वानं गालावर हात मारला. “आन् मी गं? भाकरी करपली की नापास, दूध उतू गेलं की नापास. सगळ्या भावकीत सांगितलं, आमची नापास हाय म्हनून. चार वर्सं! अवो मास्तर, काय केलंसा हे?”

“गलत केलं,” मास्तर म्हणाले. “तुम्ही मला वाटेल ते बोला.”

“तुमाला काय बोलू? मी बी न वाचताच म्हनत हुते की.”

मास्तरांनी पाट्या उघडल्या आणि तो कागद महानंदाच्या हातात दिला. तिनं पोराला खाली ठेवलं आणि वाचू लागली. मला वाटलं ती आता रडेल. मीच रडण्याच्या बेतात होते. ती वाचत होती आणि तिच्या भुवया हळूहळू जवळ येत होत्या.

“मला ठाऊक होतं, बरोबर आहे म्हणून,” ती हळू म्हणाली. “पण तुम्ही फुली मारलेली. मग वाटलं, आपल्यालाच काही कळत नसेल.” मास्तरांनी मान खाली घातली. ती पुढं म्हणाली, “पण सर, हे पुरतं बरोबर नाही.”

मास्तरांनी झटकन वर पाहिलं. “कुठं?”

“मी फक्त कोन लहान असला तर काय होतं, ते लिहिलंय. कोन काटकोनापेक्षा मोठा असला तर? तेव्हा तिसरी बाजू लांब होईल. ते लिहायचं राहिलं. ते पण नाही, हे पण नाही, म्हणून काटकोन, असं पाहिजे. ही एकच बाजू झाली.”

मास्तरांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला. इतक्या दिवसांत त्यांनी तो शंभर वेळा वाचला असेल. अपराधी माणसाला ती जागा दिसली नव्हती.

“खरंय,” ते म्हणाले. “पण मूळ युक्ती तुझी आहे. मोठ्या कोनाचं तसंच करायचं असतं. मी आठ देतो.”

“आठ नाही सर. दुसऱ्या कुणी असं अर्धवट लिहिलं असतं तर तुम्ही आठ दिले असते?”

“...नसते.”

“मग?”

“सात.”

“सहा.”

अव्वाला आता राहवेना. “अगं घे की आठ! मास्तर हून द्यायलेत, आन् ही सहाच म्हनतीया! बाजारात असं करतीस का गं तू?”

“अव्वा, जेवढं लिहिलं तेवढ्याचेच घ्यायचे असतात,” महानंदा म्हणाली. “मला सहा पुरे.”

मी मनात बेरीज केली. एकोणतीस आणि सहा, पस्तीस. मास्तरांचीही त्याच वेळी झाली असावी. त्यांच्या पांढऱ्या मिशा थरथरल्या आणि ते एकदम हसू लागले. सबंध वाटेत एकदाच बोललेला माणूस तो. “पस्तीस!” ते म्हणाले. “पास! आपल्या हिशेबानं पास!” मग महानंदाही हसली, गवंडी हसला, आणि काय झालं ते न कळून अव्वाही. त्या दिवशी अव्वानं आम्हाला हुग्गी करून वाढली. गव्हाची खीर, त्यावर तुपाची धार. मास्तरांनी तीनदा घेतली.

जेवताना महानंदानं विचारलं, “सर, आता मला बाहेरून मॅट्रिकला बसता येईल का?” घास मास्तरांच्या हातात राहिला. बाहेरून बसायचं तर नववी पासचा दाखला लागणार होता. म्हणजे ते बंद झालेलं रजिस्टर उघडावं लागणार होतं. मास्तरांनी अव्वाकडे पाहिलं. अव्वा म्हणाली, “माझ्याकडं काय बघताव? मी चार वर्सं तिला नापास म्हनलेली बाई. आता अडवू कुठल्या तोंडानं?”

सोमवारी सकाळी मास्तर पुन्हा हेडमास्तरांपुढं उभे राहिले. या वेळी त्यांनी एक अर्ज लिहून आणला होता. सुवाच्य मराठीत, मला दोनदा शुद्धलेखन तपासायला लावून. त्यात लिहिलं होतं की, अर्जदारानं अमुक विद्यार्थिनीचा पेपर न वाचता शून्य गुण दिले. तरी एक तर सदर विद्यार्थिनीच्या गुणांत सहा वाढवावेत, किंवा अर्जदाराच्या सर्व्हिस बुकात ‘पेपर न वाचता तपासतो’ असा शेरा मारावा. दोन्हींपैकी काहीच न झाल्यास अर्जदार हाच अर्ज वर पाठवील.

हेडमास्तरांनी तो तीनदा वाचला. “स्वतःविरुद्ध शेरा मागणारा माणूस मी नोकरीत पाहिला नाही,” ते म्हणाले. “हे वर गेलं तर तुमचं काय होईल ते जाऊ द्या, माझ्या काळात हे झालं म्हणून मला आधी विचारतील.”

“म्हणून तर मी दोन रस्ते ठेवलेत.”

हेडमास्तरांनी तपकीर ओढली, शिंकले, डोळे पुसले. मग स्वतः उठून कपाटातून रजिस्टर काढलं आणि एकोणतीसवर बारीक रेघ मारून लिहिलं, ‘फेरतपासणीत सहा गुण वाढले. पस्तीस.’ सही केली. दाखला लिहिताना ते मला म्हणाले, “बाई, खरं सांगू? बरं वाटलं.” भित्र्या माणसाला धाडस केल्यावर जो आनंद होतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पाहिला.

पुढची दोन वर्षं मास्तरांनी महानंदाला पोस्टकार्डांवर गणित शिकवलं. एका कार्डावर तीन उदाहरणं, उलटटपाली तीन उत्तरं. कार्ड उघडं असल्यामुळं पोस्टमन वाचायचा, आणि पुढं पुढं तोही प्रश्न सोडवू लागला. एकदा त्यानं दारातच महानंदाला सांगितलं, “ताई, दुसऱ्याचं उत्तर बारा येतंय बघा,” आणि अव्वानं त्याला हाकलून दिलं, कारण सूनबाईला स्वतः काढायचं होतं. मराठी मी शिकवायची. सुट्टीत ती पोराला घेऊन आमच्याकडे येऊन राहायची आणि मास्तरांच्या मंडळी त्या पोराला दिवसभर खेळवायच्या.

मॅट्रिकची परीक्षा धाराशिवला होती. गणिताच्या पेपराला आम्ही सगळेच गेलो. अव्वा नातवाला मांडीवर घेऊन शाळेच्या कुंपणाशी लिंबाखाली बसली होती. मास्तर तीन तास येरझाऱ्या घालत होते. घंटा झाली, महानंदा बाहेर आली.

“उलट विचारलं होतं का?” मास्तरांचा पहिला प्रश्न.

“नाही सर. तो प्रश्नच आला नाही.”

“आला नाही?” मास्तर भडकलेच. “दोन वर्षं तयारी केली आणि विचारलंच नाही? कुणी काढलाय हा पेपर? त्या माणसाला गणित कळतं का?” त्यांना शांत करायला महानंदालाच त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. मग म्हणाली, “बाकीचं सगळं आलं सर.” तेव्हा कुठं ते थांबले.

ती पास झाली. पहिल्या फटक्यात, आणि गणितात काठावर नव्हे. निकालाचं वर्तमानपत्र मास्तरांनी शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुढचे आठ दिवस, ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही, काढून दाखवलं. पुढं महानंदा तिच्याच गावच्या शाळेत शिक्षिका झाली.

निकाल लागला त्याच जून महिन्यात आमची शाळा उघडली त्या दिवशीची गोष्ट. प्रवेशाची गर्दी होती. मी आणि मास्तर एका टेबलाशी नावं लिहून घेत होतो. रांगेतून वाट काढत अव्वा पुढं आली. तिच्या हाताला धरून तेरा वर्षांची एक मुलगी होती, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, डोळे भिरभिरणारे. अव्वाची धाकटी लेक. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती.

“हिला आठवीत घ्या,” अव्वा म्हणाली. “ऱ्हाईल तुमच्याच घरी. तुमच्या मंडळीला इचारलंय मी आदुगर, त्या व्हय म्हनल्या.”

मास्तरांनी लेखणी उचलली. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. अव्वा हलेना. दोन्ही हात टेबलावर टेकून ती पुढं वाकली.

“आन् मास्तर, एक हाय. ही नापास झाली तर होऊ द्या. माझं काय म्हननं न्हाय. पर शेवटपातुर वाचून नापास करा.”

मास्तर उठून उभे राहिले. इन्स्पेक्टर आल्यावर करत तसं त्यांनी शेरवानीचं गळ्याजवळचं बटण लावलं.

“वाचीन, अव्वा,” ते म्हणाले.